बसणाऱ्यांची पँट

शेवटची पँट विकत घेतलीत, तेव्हा दुकानात खुर्चीवर बसून बघितलीत का?

नाही बघितलीत. आरशासमोर उभे राहिलात, पोट आत ओढलंत, मान वळवून स्वतःचीच पाठ बघायची धडपड केलीत आणि दुकानदाराला म्हणालात, "छान बसली." म्हणजे उभं राहून म्हणालात, बसली! आपल्या भाषेची ही गंमत तुमच्या लक्षात आली नसेल. माझ्याही आली नव्हती. पण या एका क्रियापदानं आमच्या साहेबांच्या दुकानाला घरघर लावली आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी स्वतः बसणारी. चाकाच्या खुर्चीतली. आमच्या संघटनेत आम्ही माणसांचे दोनच प्रकार मानतो: बसणारे आणि उभे. 'उभे' ही शिवी नाही, नुसती माहिती आहे. मी शाळेत फार टिकले नाही. ऑफिसांच्या पायऱ्यांशी थांबून, आत असलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात भांडता भांडता लिहायला शिकले. त्यामुळे लिहिण्यातही कुठं आवाज चढला, तर चढू द्या. तो मुद्दामच चढवलेला असेल.

आधी हे समजून घ्या की बसणाऱ्याला उभ्याची पँट घातली की काय होतं. मागची कमर खाली सरकते आणि पाठ उघडी पडते. पुढचं कापड पोटापाशी गोळा होऊन बसतं. मागचे खिसे, त्यावरची बटणं, जाड शिवण, सगळं दिवसभर मांसात रुतत राहतं. पायांतली जाणीव गेलेली असेल तर रुततंय हेही कळत नाही. कळतं तेव्हा जखम झालेली असते. आणि ती जखम भरायची तर खुर्ची सोडून पालथं पडून राहावं लागतं. काम बंद, बाहेर जाणं बंद, सगळं एका शिवणीपायी.

साहेबांना अशी जखम झाली आणि तिथूनच हे सुरू झालं.

साहेब हे त्यांचं नाव नव्हे. लहानपणी तापात पाय गेले, घरात चाकाची खुर्ची आली, आणि गल्लीतल्या पोरांनी बारसं केलं: "खुर्ची मिळाली म्हणजे साहेबच की हा!" चेष्टेचं नाव चिकटलं. पुढं ते स्वतःच फोन उचलून "साहेब बोलतोय" म्हणायला लागले. मी एकदा विचारलं, राग नाही येत? म्हणाले, "पलीकडचा माणूस लगेच सावरून बोलतो. फुकट मिळालेली बढती कशाला परत करू?"

ते राहतात थोरल्या बहिणीकडे. ताई शिवणकाम करते. रस्त्याकडची खोली म्हणजे तिचं दुकान: दोन मशीन, इस्त्रीचं टेबल, कापड ज्यावरून कापायचं त्या कागदी कटिंगच्या, भिंतीला खिळ्यावर टांगलेल्या जुड्या, खाली चिंध्यांचं पोतं. साहेब त्या मशीनच्या खडखडाटातच वाढले. कच्चे टाके उसवायचे, बटणं लावायची, हेम घालायची, एवढंच त्यांच्या वाट्याला. ताईचे यजमान, म्हणजे साहेबांचे दाजी, बसगाड्यांच्या डेपोत मेकॅनिक. माणूस वाईट नाही. दारातल्या पायरीवर खुर्ची चढावी म्हणून जुन्या बसच्या पत्र्याचा उतार त्यांनीच ठोकून दिला. पण जिभेला ब्रेक नाही. कुणी पाहुणा आला आणि विचारलं, "मेहुणे काय करतात?", की यांचं उत्तर तयार: "काय करणार? बसून खातो."

बसून खातो. वाक्य म्हटलं तर खरंच आहे, साहेब बसूनच जेवतात, मीही बसूनच जेवते, आणि तुम्हीही जेवत असाल. पण ते कसं म्हटलं जातं ते तुम्हाला माहीत आहे. साहेब ऐकायचे आणि बटणात दोरा ओवत राहायचे. ताई मात्र त्या दिवशी भांडी जरा जोरात आपटायची.

तर ती जखम. पालथे पडून पडून साहेब कंटाळले होते, ताई शेजारी बसून त्यांची पँट उसवत होती, ती दुष्ट शिवण शोधायला. साहेब उशीतून तोंड काढून म्हणाले,

"ताई, तू माझं माप कसं घेतेस?"

"कसं म्हणजे? तुला आडवं करून. उभं कसं करू?"

"मी आडवा जगतो का?"

"आता तर आडवाच आहेस."

"बरा झालो की बसवून माप घे. खुर्चीत. जसा आहे तसा."

ताईनं घेतलं, आणि टेप हातात धरून तशीच थांबली. पाठीकडून कंबर ते बैठक हे अंतर पुढच्यापेक्षा कितीतरी लांब भरलं. शिंपी लोक पँटच्या या भागाला आसन म्हणतात. आसन! आणि इतकी वर्षं जगातला प्रत्येक शिंपी उभ्या माणसाचं आसन काढत आला. त्या दोघांनी मग नवीन कटिंग बसवलं. मागची कमर उंच, पुढची खाली, मागे खिसा नाही, बैठकीखाली एकही शिवण नाही, बाजूच्या खिशाचं तोंड मांडीवर, कारण बसलेल्याचा हात तिथंच पोचतो. ती पँट साहेबांनी घातली. मग मी घातली. पहिला दिवस असा गेला की पाठीमागं हात नेऊन मी एकदाही सदरा खाली ओढला नाही. हे वाक्य वाचून तुम्हाला काही वाटलं नाही तर तुम्ही उभे आहात.

संघटनेतल्या सगळ्यांनी मागितल्या. मग लांबलांबून विचारणा यायला लागली. ताईला दोनच हात, आणि प्रत्येक बसणाऱ्याचं शरीर वेगळं. कुणी डावीकडे झुकलेलं, कुणाचा एक पाय आखूड. तेव्हा साहेब म्हणाले, पँट विकायचीच नाही. कटिंग विकायचं. ते व्हिडिओ बघून कॉम्प्युटरवर आकृत्या काढायला शिकले. मापं भरली की कटिंग त्या मापाचं होईल अशी फाइल तयार केली. घेणाऱ्यानं ती साध्या कागदांवर छापायची, कागद एकमेकांना चिकटवायचे आणि आपल्या गावच्या शिंप्याकडे द्यायचे. एकदा काढलेलं कटिंग कितीही जणांना जाऊ शकतं. कापड नाही, पार्सल नाही. साहेबांनी नाव दिलं: बसणाऱ्यांची पँट.

प्रश्न राहिला, ती फाइल विकायची कुठं. लोक म्हणाले, चांगला प्लॅटफॉर्म निवडा. प्लॅटफॉर्म म्हटलं की आम्हा बसणाऱ्यांना पहिल्यांदा पायऱ्याच आठवतात. इथंही त्याच निघाल्या.

साहेबांनी आधी स्वतःची वेबसाइट थाटली. तयार साचा मिळतो, त्यात आपले फोटो आणि मजकूर भरायचा. दुकान सुरेख झालं. रंगसंगती ताईनं निवडली होती, सुरेख होणारच. रोज सकाळी साहेब बघायचे, कोण येऊन गेलं. मी येऊन गेलेली असायचे, ताई येऊन गेलेली असायची, आणि एक यंत्र, जे प्रत्येकाला 'तुमच्या वेबसाइटवर गर्दी हवी आहे का' असं विचारत हिंडतं.

"दुकान झकास आहे," साहेब म्हणाले. "फक्त रस्त्यावर नाही."

मग ते कारागिरांच्या बाजारात गेले. तिथं फक्त हातानं केलेल्या वस्तू चालतात. नियम चांगला आहे. त्यांनी कळवलं, वस्तू हातानं घडत असल्याचा फोटो पाठवा. साहेबांनी माउसवर ठेवलेल्या स्वतःच्या हाताचा फोटो पाठवला. नापास. ताईच्या हातातल्या कात्रीचा पाठवला. तर म्हणे, कात्री दिसते, पण तुम्ही तर फाइल विकताय. साहेबांनी विचारलं, मग फाइल पायानं केली असं लिहू का? तिथून पुन्हा उत्तर आलं नाही.

राहिला तो मोठा बाजार, जिथं सुईपासून सोफ्यापर्यंत सगळं मिळतं आणि सगळं जग जिथं शोधायला जातं. साहेबांनी त्याचं नाव ठेवलं जावई. "कितीही करा, याचं तोंड वाकडंच."

जावयाचा पहिला रुसवा: साइज निवडा. लहान, मध्यम, मोठी. चौथी जागा नाही, आणि रिकामं सोडलं तर पान पुढं सरकत नाही. ज्याच्या त्याच्या मापानं बदलणाऱ्या कटिंगला साइज कुठली? साहेबांनी अखेर तिन्ही निवडल्या. दुसरा रुसवा फोटोचा. साहेबांनी स्वतःचा, खुर्चीतला, छान हसरा फोटो टाकला. उत्तर: 'वस्तू पूर्ण दिसत नाही. मॉडेल सरळ उभा असावा.' माझा टाकला. तेच. खुर्चीसकट लांबून काढलेला टाकला, तर म्हणे, 'फोटोत विक्रीची नसलेली वस्तू आहे.'

मी खवळले. मी म्हटलं, सोडा हा बाजार. पण साहेब हटले नाहीत, आणि ताईला एक कल्पना सुचली. आज ती स्वतःच्या कपाळावर हात मारून घेते, पण तेव्हा आम्ही तिघंही पोट धरून हसलो होतो.

"अहो, इकडं या जरा," ताईनं दाजींना हाक मारली. "ही पँट घाला."

"मी? मेहुण्याची?"

"घाला म्हणते ना. फोटो काढायचाय."

दाजी पँट घालून आले. मागची कमर बरगड्यांना लागलेली, पुढं पोट कठड्यावरून वाकून बघावं तसं बाहेर. ताईनं वरून सदरा सोडला, पाठ भिंतीला लावली, मुंडकं फोटोतून कापलं. जावई खूश! फोटो एका दमात पास.

"बघा," दाजी म्हणाले, "शेवटी उभा माणूसच कामाला आला."

आणि फाइल खपायला लागली. खोटं कशाला सांगू, आम्हाला नवल वाटलं. रोज फोनवर टिंग वाजायचं. साहेब खुर्ची वळवून ताईला सांगायचे, ताई मशीन न थांबवता मान हलवायची. त्या दिवसांत एक पाहुणे आले, त्यांनी विचारलं, मेहुणे काय करतात, आणि दाजी म्हणाले, "त्याचं दुकान आहे. कॉम्प्युटरवर." ताईनं मला हे फोन करून सांगितलं. दुसरं काही सांगायला फोन केलाच नव्हता.

मग आले रिव्ह्यू.

एक स्टार. एक स्टार. पुन्हा एक. जावयाकडे सगळ्या भाषांतले रिव्ह्यू यंत्र आपोआप मराठीत करून देतं, त्यामुळे ते वाचायलाही मजेशीर. 'पँटची पाठ माझ्या मानेची चौकशी करते.' 'घोर निराशा. खिसे गुडघ्याला भेटायला निघाले आहेत.' 'शिवणाऱ्याने आयुष्यात माणूस पाहिला नसावा.' हा शेवटचा साहेबांनी दोनदा वाचला. ताईनं मशीन थांबवलं.

"बसणाऱ्यांना आवडत कशी नाही?" ती म्हणाली. "कुठं चुकलं आपलं?"

कटिंगमध्ये काही चुकलं नव्हतं. साहेबांनी आमचं पान परक्या भाषेत उघडलं, तिथला मजकूर उचलला आणि यंत्राकडूनच पुन्हा मराठीत उलटवून घेतला. नाव आलं: 'अंगावर चपखल बसणारी पँट'. खाली आम्ही लिहिलं होतं, 'दिवसभर बसून राहणाऱ्यांसाठी'. त्याचं झालं होतं, 'दिवसभर जागच्या जागी बसून राहते'. आणि वर फोटो कुणाचा? सरळ उभ्या दाजींचा.

म्हणजे जगभरचे उभे लोक चपखल पँट म्हणून ते कटिंग घेत होते, शिवून घेत होते, आरशासमोर उभे राहत होते आणि आमच्या साहेबांच्या नावानं बोटं मोडत होते.

ताईला हसू आवरेना. मग साहेबांनी नाव बदलून बघितलं, 'खुर्चीतल्यांची पँट'. यंत्रानं केलं 'खुर्चीचं कव्हर', आणि जावयानं आम्हाला फर्निचरमध्ये नेऊन ठेवलं. ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं, इतकी हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी जुनं नाव परत लावलं.

दाजी तेवढ्यात डेपोतून आले. काय झालं ते त्यांनी ऐकलं, हात पुसले आणि म्हणाले, "म्हणजे पँट बसली आणि धंदाही बसला. मेहुणा तर आधीपासूनच बसलाय."

ताईनं दाजींकडे असं बघितलं की ते हात धुवायला पुन्हा आत गेले, नुकतेच पुसलेले.

आता जावयाशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. भांडणाचं खातं माझंच. त्यांच्या मदत-खिडकीत मी लिहिलं, "तुमच्या यंत्रानं आमच्या पँटचा अर्थ बदललाय."

उत्तर आलं: "पँट बदलून हवी असल्यास एक दाबा."

"पँट नाही, अर्थ. मला माणसाशी बोलायचंय."

"आपण माणूस शोधत आहात. पुरुषांचे कपडे या विभागात आपले स्वागत आहे."

मी काय काय लिहिलं ते इथं छापता येणार नाही. त्याचंही भाषांतर त्यानं केलं असेल, तर बहुधा आशीर्वाद म्हणून केलं असेल. चार दिशांनी फिरवून अखेर फोनवर खरा माणूस भेटला. आवाज तरुण, थकलेला. त्याच्यावर ओरडायचं ठरवलं होतं, जमलं नाही. तो म्हणाला, एका दुकानापुरतं भाषांतर बंद करता येत नाही. नाव बदला. 'रुग्णोपयोगी वस्तू' या विभागात जा, तिथं उभ्या मॉडेलची सक्तीही नाही.

ताईला ते पटलं. "मग जाऊ या की तिकडं. तुझं काय अडलं?"

"मी रुग्ण आहे का, ताई?"

"तू नाहीस रे. नुसतं तिथं लिहायचं."

"दुकान सगळं तिथंच आहे. तिथं लिहिलं तेच मी."

"अरे, एका शब्दासाठी एवढा..."

"हे वाच." साहेबांनी फोन तिच्या पुढ्यात धरला. पहिल्याच आठवड्यात एका बाईनं मराठीत लिहिलेला निरोप होता. तिनं लिहिलं होतं, मी 'बसून घालायला पँट' असं लिहून शोधलं आणि तुम्ही सापडलात. रुग्णांच्या विभागात मी कधीच बघत नाही. तिथं फक्त बेडपॅन असतात, आणि ते बघून मी अजून तरुण आहे हेच विसरायला होतं.

ताईनं वाचला. फोन परत दिला. "मग राहू दे तेच नाव," म्हणाली आणि दोरा ओवायला लागली. सुईचं भोक बराच वेळ सापडत नव्हतं तिला.

इथं तुम्ही विचाराल, जावयाला सोडून आपल्या वेबसाइटवर का जात नाही? मीही तेच विचारलं होतं, आणि जरा चढ्या आवाजात. साहेब म्हणाले, "तिथं माझं नाव कुणी बदलणार नाही, बरोबर. पण ती बाई तिथं आली असती का? ती जावयाकडेच शोधणार. बसणारा माणूस दहा दुकानं हिंडत नाही. एकात जातो, जिथं सगळं आहे तिथं." मला ते पटलं, आणि समोरच्याचं पटलं की मी जास्त चिडते.

मग नोटीस आली. रेटिंग फार खाली गेलंय, या महिनाअखेर दुकान बंद होईल. मी त्या थकलेल्या आवाजाच्या माणसाला पुन्हा गाठलं. त्यानं एक फट दाखवली. दिलेला स्टार पुसता येत नाही, विकणाऱ्याला नाही आणि देणाऱ्यालाही नाही. पण देणाऱ्याला आपल्या रिव्ह्यूखाली एक ओळ वाढवता येते. दुकान बंद करण्याआधी त्यांचा एक माणूस, यंत्र नव्हे, सगळे रिव्ह्यू वाचतो. खरेदीदारांनी स्वतःच खुलासा केलेला दिसला, तर दुकान राहतं.

साहेब कामाला लागले. एक स्टार देणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी निरोप पाठवला, अगदी अदबीनं: 'पँट घातलीत तेव्हा तुम्ही बसला होतात का?'

यंत्रानं तो प्रत्येकाला पोचवला: 'पँट तुम्हाला बसली का?'

उत्तरं काय आली असतील? 'नाही!!!' 'जखमेवर मीठ का चोळता?' 'सांगितलं ना, नाही!' एकानं तर आणखी एक फाइल घेतली, केवळ आणखी एक स्टार देण्यासाठी. असल्या माणसाला काय म्हणायचं, सांगा.

मी टेबलावर मूठ आपटली. साहेबांनी मात्र शब्दांचा नादच सोडला. दोन चित्रं काढली. एकात खुर्चीत बसलेला माणूस, एकात उभा. खाली एकेक चौकोन. अक्षर एकही नाही. ती चित्रं पाठवली. काहींनी उभ्या माणसाखाली खूण केली आणि पुढं गप्प. बऱ्याच जणांनी उघडलंच नाही. आणि एकानं दोन्ही चौकोनांत खुणा केल्या.

हा तोच होता, 'घोर निराशा'वाला. त्यानं लांबलचक लिहिलं होतं. पँट मला अजिबात झाली नाही, फेकणार होतो. पण माझी आई बसणारी आहे. तुमचं चित्र बघून डोक्यात उजेड पडला. तिची मापं भरून पुन्हा छापलं, शिवून घेतलं. आता ती दुसरी पँट घालायलाच तयार नाही. सोबत फोटो. खिडकीशी खुर्चीत बसलेली एक म्हातारी, मांडीवरच्या खिशात हात घालून, चेहरा असा की काय बघताय.

ताईनं फोटो मोठा करून कमरेजवळचं कापड निरखलं. "मागून नीट बसलीय," ती म्हणाली. "शिंप्यानं नेफा जरा जाड घेतलाय. पण बसलीय. मग झालं तर."

"झालं नाही, ताई," साहेब म्हणाले. "त्या म्हातारीला माहीत, मुलाला माहीत, आपल्याला माहीत. दुकानावर अजून 'घोर निराशा'च आहे. पुढची म्हातारी तेच वाचून परत जाणार."

साहेबांनी त्या मुलाला विनंती केली: हेच जे मला लिहिलंत, ते तिथं लिहा. तो म्हणाला, हो हो, नक्की, आजच. लिहिलेलं नाही. पुन्हा आठवण केली, तर अंगठ्याचं चित्र आलं. खासगीत गोडवे आणि भर बाजारात एक स्टार! वाईट माणूस असता तर मी त्याला सोलून काढला असता. चांगल्या माणसाच्या आळसाचं काय करायचं, हे मला कुठल्या मोर्चात शिकायला मिळालं नाही.

दाजींनी परवा विचारलं, "बंद झालं तर पुढं काय?" चेष्टेनं नाही विचारलं. साहेब म्हणाले, "बटणं लावीन." बटणं लावण्यात काही कमीपणा नाही, मी स्वतः फलक रंगवून पोट भरते. पण पुन्हा कुणी पाहुणा दारात येईल, मेहुणे काय करतात म्हणून विचारेल, आणि दाजींना पुन्हा ते जुनं वाक्य आठवेल. त्यांना नको असलं तरी आठवेल. जिभेच्या सवयी लवकर जात नाहीत.

सध्या साहेब रोज सकाळी रिव्ह्यूंचं पान उघडतात. ताई मशीनवरूनच विचारते, "आलं का काही?" ते मानेनंच नाही म्हणतात. महिनाअखेर जवळ आली आहे.

तर तुम्ही, हो, तुम्हीच. तुम्ही कधी अंगावर चपखल बसेल म्हणून एक कटिंग विकत घेतलं असेल, ज्याच्या फोटोत मुंडकं कापलेला एक पोटवाला गृहस्थ भिंतीला टेकून उभा आहे, आणि रागानं एक स्टार ठोकला असेल, तर तो राग तुमच्यापाशी ठेवा. माफी मागू नका, कौतुक करू नका, साहेबांना खासगीत काही लिहू तर मुळीच नका. आज ते पान उघडा, तुमच्या रिव्ह्यूखाली जा आणि एवढीच एक ओळ वाढवा: मी उभं राहून घातली होती.